न बसणाऱ्या मॅडम

आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडमना शिकवणीत बसलेलं मी एकदाही पाहिलं नाही. वडीगोद्रीत हायवेलगतच्या खताच्या दुकानावर एक खोली होती, खोलीत खुर्चीही होती, पण तिच्यावर त्यांचं हेल्मेट बसायचं. अंबडहून स्कूटीवर यायच्या आणि जिना चढता चढताच गणित घालायच्या. पोरी म्हणायच्या, "मॅडम, बसा की!" "मी बसले की तुम्ही पेंगता," असं म्हणत त्या पुन्हा फळ्यापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या सुरू करायच्या. बघून बघून आमच्याच पायांना मुंग्या यायच्या.

मी बारावीला केमिस्ट्रीत गचकलेली. पुरवणी परीक्षा तोंडावर आलेली. बाबांनी सरळ सांगून टाकलं होतं, "आता पास झाली तर पुढं शिक. न्हाई तर बस घरी." तेव्हापासून मला अन्न गोड लागत नव्हतं.

माझं घोडं पेंड खायचं ते उष्णतेच्या गणितात. गुणाकार बिनचूक यायचा, पण उत्तराआधी अधिक लावायचं की वजा, तिथं मी मनाला येईल ते ठोकून द्यायचे. एक दिवस वैतागून मॅडम कागदाच्या पुडीत चुनकळी घेऊन आल्या. भिंती रंगवायला आमच्याकडे विझवतात तीच. स्टीलच्या पेल्यात पाणी ओतलं, पेला माझ्या हातात दिला आणि दोन चमचे चुनकळी आत टाकली. फसफसून पेला असा तापला की मी तो दाणकन खाली ठेवला.

"लिही! पाणी शंभर ग्रॅम, तापमान वीस अंशांनी वाढलं."

आठ हजार चारशे ज्यूल. आकड्याआधी मी ठसठशीत अधिक लावलं. का नाही लावणार? चटका मलाच बसला होता.

"तापलं कोण?"

"पाणी. पेला."

"आणि दिलं कुणी?"

मी पुन्हा पेल्याकडंच बोट दाखवलं.

"अगं, दर वेळी तू पेला होऊन राह्यली! चुना होऊन बघ जरा. त्याच्याकडनं गेलं ना? मंग वजा."

पुरवणीच्या पेपरात तसलंच गणित आलं. हात सवयीनं अधिक लिहून मोकळा झाला आणि कानात मॅडमचा आवाज आला. खोडलं. काठावर का होईना, पास झाले.

पेढे घेऊन गेले, तर खोलीला कुलूप. खालचे दुकानदार काका म्हणाले, "मॅडम कॉलेजात तासावर शिकवायच्या ना, त्यांना या साली घेतलंच न्हाई. शिकवणीबी बंद केली. जालन्याला एमआयडीसीत लागल्या, बियाण्याच्या कंपनीत."

दुसऱ्याच दिवशी जालना गाठलं. पावत्यांच्या ढिगामागे मॅडम खुर्चीवर बसल्या होत्या. मी वाकून टेबलाखाली पाहिलं. पायसुद्धा हलत नव्हता.

"चिन्ह बराबर टाकलं ना?" पेढा घेत त्यांनी विचारलं.

"वजा टाकलं, मॅडम."

त्या हसल्या आणि पुन्हा पावतीकडे वळल्या. त्यांना हाताला धरून उठवावंसं वाटलं, पण धीर झाला नाही. आम्ही इतक्या पोरी तापलो, पण मॅडमकडनं काय गेलं हे मी कधी पाहिलंच नव्हतं. बसमध्ये मला रडू आवरेना.

बीएस्सी करून आता मी त्याच खोलीत शिकवते. परवा एक पोरगी म्हणाली, "मॅडम, बसा की!" माझं हेल्मेट उचलून मी खुर्चीत बसून पाहिलं. मिनिटभरही बसवलं नाही.