सात नंबरचा शेवट

महिना होत आला, तरी मी सावरलेलो नाही. मेथीच्या जुड्या बांधता बांधता हात थांबतो. बायको विचारते, "आता काय झालं?" तिला काय सांगणार? एका गाण्याचा शेवट मला पंधरा वर्षांनी कळला आणि त्यानं माझी बोलती बंद केली, असं सांगितलं तर ती म्हणेल, बरं झालं, कोणीतरी केली.

गोष्ट गिटारची आहे. कारंज्याजवळ चार एकरांत भाजीपाला करणाऱ्या माणसानं रॉक गिटारवर बोलू नये असा काही कायदा नाही. मी बोललो. चहाच्या टपरीवर बोललो, लग्नात बोललो, एकदा तर मयतीला गेलो होतो तिथंही बोललो. आणि माझ्या त्या बोलण्यापायी माझ्या मित्राचं वाजवणं सुटलं. तेव्हा मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं, उलट अभिमान वाटला होता. म्हणून हे लिहायला बसलो.

हा मित्र माझा शेजारी. त्याच्या आणि माझ्या वावराच्या मधे एकच धुरा, म्हणजे बांध, आहे आणि त्या धुऱ्यावर बसूनच आम्ही लहानाचे मोठे झालो. तो बेंजो वाजवायचा. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. आमच्याकडे लग्नाच्या बँडमध्ये गाण्याची चाल त्याच्यावर वाजते. कामरगावच्या एका बँड पार्टीत लग्नसराईभर तो असायचा आणि उरलेलं वर्ष वांगी-टमाटर करायचा.

त्या काळी मोबाइलमध्ये गाणी भरायची म्हणजे मेमरी कार्ड घेऊन दुकानात जायचं. आम्ही दोघं कारंज्याच्या स्टँडजवळच्या एका दुकानात गेलो. भारनियमनाचे दिवस होते. लाइन जायच्या आत सगळ्यांची कार्डं भरून द्यायची दुकानदाराला घाई. त्यानं हिंदी भरली, भजनं भरली आणि विचारलं, "इंग्रजी पाह्यजे काय? फुकट हाय." फुकट म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?

त्या इंग्रजी गाण्यांना नावं नव्हती, नुसते एक ते एकोणीस नंबर होते. कोण गातो, कोण वाजवतो, देवाला ठाऊक. सहापर्यंतची गाणी ऐकून आम्ही हसलो. सात नंबरला मात्र हसू थांबलं. आधी एक साधी चाल येते, मग गाणाऱ्याचं थोडं रडगाणं, आणि मग गाणारा गप्प होऊन एकटी गिटार सुरू होते. हळू सुरू होते, चढत जाते, आणखी चढते, आता याच्या वर जागा नाही असं वाटतं तिथूनही वर जाते, आणि तार ताणलेली असतानाच आवाज तुटतो. संपलं. पुढच्या क्षणाला आठ नंबरचे ड्रम.

आम्ही माझ्या विहिरीजवळ बसून ऐकत होतो. मी इतका सुन्न झालो की मोटार बंद करायचं विसरलो आणि पालकाचे दोन वाफे वाहून गेले. बापानं शिव्या दिल्या, त्या मला ऐकूही आल्या नाहीत. असं कोणी करू शकतं, इतक्या उंचावर जाऊन हात सोडून देऊ शकतं, याचाच मला धक्का बसला होता.

तिथून वाद सुरू झाला. सकाळी बाजारात भाजीची हर्राशी, म्हणजे लिलाव, आटोपली की आम्ही टपरीवर बसायचो आणि जगातला सगळ्यात भारी गिटार सोलो कोणता, यावर भांडायचो. आमच्याजवळ जग म्हणजे ती एकोणीस गाणी. माझं म्हणणं ठरलेलं होतं. वेग कोणालाही येतो, बोटं कोणाचीही पळतात, पण ऐन चढावर तोडून देणं फक्त सात नंबरवाल्याला जमलं. म्हणून तो सगळ्यांचा बाप.

मित्र अकरा नंबरच्या बाजूचा. तो चहा फुंकत म्हणायचा, "सोलो घरी आला पाह्यजे गड्या. गेला आन् वापस नाही आला, तं त्याले वाजवणं नाही म्हनत, हारपणं म्हनतात."

"तू लग्नातला माणूस," मी म्हणायचो. "तुले वरात मंडपात पोचवाचीच सवय."

एकदा तो बेंजो घेऊनच वावरात आला. म्हणाला, सात नंबर मले अर्धा वाटते, आयक. आणि त्यानं सात नंबर वाजवला, तुटतो तिथपर्यंत गेला आणि पुढे निघाला. एकेक पायरी उतरत खाली आला आणि शेवटी सुरुवातीचीच साधी चाल, पण खालच्या पट्टीत, अगदी संथ वाजवली. वाजवून झाल्यावर माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी म्हणालो, "हे काय शेपूट लावलं?" त्यानं बेंजो उचलला. मी मात्र टपरीवर जाऊन सगळ्यांना ते शेपूट सांगितलं आणि सगळे हसले. तोही हसला.

मी जिंकत गेलो, कारण मी बोलण्यात वाघ आहे आणि तो बोलण्यात कच्चा. दोन-तीन वर्षांनी तो एका सकाळी आपणहून म्हणाला, "तुह्यंच बराबर हाय. तोडाले हिंमत लागते." मला गगन ठेंगणं झालं.

मग आलं इंझोरीचं लग्न. भर दुपारी वरात निघाली होती. पोट्टे नाचत होते, बेंजो रंगात आला होता, आणि ऐन चढावर मित्रानं हात उचलला. नाचणाऱ्यांचे हात वरच्या वर राहिले. बँडच्या गाडीच्या ड्रायव्हरला वाटलं जनरेटर गेला, तो खाली उतरून वायर हलवायला लागला. नवरदेवाचा मामा ओरडला, "काय झालं रे बेंजोवाल्याले?" सगळ्या वरातीत एकटा मी वाहवा करत होतो.

त्या मोसमात त्यानं असं आणखी दोनदा केलं. तिसऱ्या वेळी बँड मास्तर त्याला म्हणाला, "तुले तोडाचंच असन तं घरी बसून तोड." मित्र घरी बसला. मी त्याची समजूत घातली, की खऱ्या कलावंताला लोक ओळखत नसतात. त्यानं बेंजो जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. त्याला दहा-बारा वर्षं झाली. या काळात त्यानं कधी एक तार छेडली नाही, आणि मी कधी छेड म्हणालो नाही.

आता माझी मुलगी कारंज्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. मोबाइलवर बघून बघून ती कॉलेजातल्याच एका गिटारवर शिकली, घरी कधी वाजवलं नाही. सात नंबर तिनं माझ्या फोनवर लहानपणापासून ऐकलेला. फोन बदलले तरी ती फाइल मी एकातून दुसऱ्यात आणत राहिलो होतो. गॅदरिंगला ती सात नंबर वाजवणार असं कळलं आणि मी गावभर सांगत सुटलो. मित्र नाही म्हणत होता, वांग्यावर फवारणी आहे म्हणाला. मी त्याला ओढतच नेलं.

दुपारची वेळ. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो. पोरगी स्टेजवर आली, कोणाची तरी मागून आणलेली इलेक्ट्रिक गिटार गळ्यात. साधी चाल तिनं इतकी सुरेख वाजवली की मी मागे वळून अनोळखी माणसाला सांगितलं, ही माझी पोरगी. मग ती चढायला लागली. मी मित्राच्या कानात म्हणालो, "आता पाह्य, आता तोडते." तुटायची जागा आली. मी टाळीसाठी हात उचलले.

ती थांबली नाही. ताणलेली तार तिनं सोडली, तिथून एक पायरी खाली आली, मग आणखी एक. माझे हात तसेच वर. आधी वाटलं, घाबरली. मग राग आला, की हिनं मनाचं काहीतरी जोडलं आणि सगळ्याची माती केली. आणि मग अंगावर काटा आला. कारण पुढे काय येणार ते मला माहीत होतं. ते मी वावरात ऐकलं होतं.

मी मित्राकडे बघितलं. तो स्टेजकडे बघतच नव्हता. डोळे मिटलेले, आणि डाव्या हाताची बोटं मांडीवर बटणं दाबत होती. ती बोटं गिटारच्या आधी पडत होती. 

बाहेर सायकल स्टँडजवळ मी दोघांना गाठलं. मुलीचं कौतुक करायचं तर राहिलंच. "तुमी दोघायनं ठरवून केलं काय हे?"

"काय ठरवून?" मुलगी म्हणाली.

"शेवट. काकानं शिकवला ना तुले?"

"काकानं? काकानं मले कधी बेंजो दाखवलाही नाही बाबा."

"मी कायले शिकवू?" मित्र म्हणाला. "मी कुठं वाजवतो आता."

"मंग कुठून आणला?"

"गाण्यातूनच. असाच हाय तो." तिनं फोन काढला. गाणं ऐकवलं की फोनच नाव शोधून देतो म्हणे. तिनं ते दोन वर्षांपूर्वीच शोधलं होतं. मूळ गाणं सहा मिनिटांचं. माझ्या फोनमधलं चार मिनिटांचं. "तुमच्या फाइलीत पुरं आलंच नाही," ती म्हणाली. "भरता भरता लाइन गेली असन नाहीतं काही झालं असन."

 त्या गिटारवाल्यानं तोडलंच नव्हतं. ज्या हिंमतीवर मी पंधरा वर्षं भाषणं ठोकली, ती हिंमत कोणीच केली नव्हती. दुकानदाराची घाई होती ती.

"मंग तू सांगतलं काहून नाही मले?" मी तिच्यावरच खेकसलो.

ती गोंधळून गेली. "तुमीच तं म्हणत होते, उतरून येणं बेकार असते, तोडलाच पाह्यजे. मले वाटलं, तुमीच काटून ठेवला."

मित्रानं तिच्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावला. गाणं सुरू झालं. बाहेर पोरांची गर्दी, हॉलमधून दुसरं कोणाचं तरी गाणं, आणि तो एका हातानं दुसरा कान दाबून उभा. सहाच्या सहा मिनिटं त्यानं ऐकलं. मग मला दिलं. मीही ऐकलं. सूर न सूर मित्राच्या शेपटासारखा नव्हता. गिटारवाल्याचं थोडं बारीक कलाकुसरीचं होतं, मित्राचं साधं होतं. पण वाट तीच, पायरी पायरीनं खाली, आणि शेवटी सुरुवातीची चाल, खालच्या पट्टीत, संथ.

"माह्यं चुकलं लेका," मी म्हणालो. हे वाक्य मी त्याच्याशी आयुष्यात पहिल्यांदा बोललो.

"तुह्यं काय चुकलं?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. "तुले तेवढंच आयकाले भेटलं होतं."

मला हायसं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात तो आपल्या बोटांकडे बघत म्हणाला, "पन मले तं पुढचं आयकू येऊन राह्यलं होतं ना. मंग मी काहून बंद केलं?"

मी मान वर केली. त्यानं ते खरोखरच विचारलं होतं, आणि तो माझ्या उत्तराची वाट बघत उभा होता.