समोरच्या काकांच्या खुंट्या

गोष्टी जमवणारी माणसं मी ढिगाने पाहिली आहेत, पण एखादी गोष्ट रीतसर काढून कशी टाकावी हे कळलेला माणूस अख्ख्या डोंबिवलीत एकच, आणि तो आमच्या समोरच्या दारात राहतो. समोरचे काका एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर कोणी न सांगता त्यांनी आमच्या सोसायटीची यादी कॉम्प्युटरवर चढवली: फ्लॅट नंबर दिला की त्या घरातल्या माणसांची नावं आणि फोन समोर हजर. पाणी जाणार असलं, लिफ्ट बंद असली, की प्रोग्राम त्या यादीतून वरून खालपर्यंत फिरायचा आणि घरोघरी मेसेज जायचा. मी ठाण्यात एका ऑफिसात प्रोग्रामिंगच करते, म्हणून काकांनी मला आपली वारस नेमून टाकलं. माझं मत कोणी विचारलं नव्हतं.

"यादीत घालणं कुणालाही जमतं गं," ते म्हणत. "काढणं शिक." त्यांच्या लेखी ही यादी म्हणजे भिंतीवरची खुंट्यांची ओळ. फ्लॅट नंबर ही खुंटी आणि माणसं तिला टांगलेली. कोणी घर सोडून गेलं की आमचे सेक्रेटरी नुसती नावं पुसायचे आणि नंबर तसाच ठेवायचे. त्यावर काकांचा संताप बघण्यासारखा असे. "सदरा उचललात आणि खुंटी तशीच भिंतीला! उद्या प्रोग्राम तिथे हात घालणार, हाती काय लागणार? डोंबल!" बरं, खुंटी उपटायची तर आधी ती तिथे आहे की नाही हे पाहायचं, हा त्यांचा पहिला नियम, आणि तो घरातही लागू. काकू म्हणाल्या, "ते परवाचं ताक टाकून द्या हो," की हे आधी फ्रीज उघडून, पाहून, बंद करून येत, "आहे" असं जाहीर करत, आणि मग पुन्हा जाऊन ते टाकत.

दुसरा नियम त्यांना अद्दल घडून मिळालेला. एकदा घाईत त्यांनी प्रोग्रामला सांगितलं, मेसेज पाठवत जा आणि जाता जाता सोडून गेलेल्यांची घरंही यादीतून काढत जा. आता ज्या यादीतून आपण फिरतोय तिलाच फिरता फिरता कात्री लावली, तर प्रोग्राम बिथरतो. तसा तो पहिल्याच रिकाम्या घरापाशी बिथरला आणि बंद पडला. पाणी जाणार हे ए विंगला कळलं आणि बी विंग अंगाला साबण लावून उभी राहिली. त्यातले एक गृहस्थ टॉवेलवरच आमच्या मजल्यावर आले होते. ते काय बोलले ते मी इथे लिहू शकत नाही. तेव्हापासून काका येता-जाता ऐकवायचे, "फिरता फिरता काढायचं नाही. आधी फिरून काय काढायचं त्याची वेगळी यादी करायची, मग ती घेऊन काढायचं." दिवाळीत माळा साफ करायलाही हाच कायदा. काकू खाली शिडी धरून आणि काका वर वहीत लिहितायत: फुटका स्टोव्ह, काढणे, जुना पंखा, काढणे. वही भरेपर्यंत काका दमलेले असत. "अगं मृणाल, पाच दिवाळ्यांच्या याद्या तयार आहेत," काकू मला सांगायच्या. "सामान आहे तिथेच आहे. आता त्या वह्याही माळ्यावर ठेवतात."

हे हसणं थांबलं दीड वर्षापूर्वी. आधी काकांना शब्द सापडेनात, मग रोजचा भाजीवाला ओळखू येईना. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हे वाढतच जाणार म्हणाले. एका रविवारी दुपारी काका बनियनवर माझ्या दारात उभे. "माझ्या घरात कोणी बाई शिरलीय. पोलिसांना फोन कर." त्यांच्या मागे काकू उभ्या होत्या, हाताला कणीक तशीच. तासाभराने काकांना सगळं उमगलं आणि ते तोंड झाकून रडले. संध्याकाळी जिन्यात काकू मला म्हणाल्या, "विसरू देत गं मला. आजारच आहे, काय करणार. पण माझ्याकडे बघून घाबरतात ना, ते नाही सोसवत."

दोन दिवसांनी, डोकं ताळ्यावर असताना, काकांनी मला बोलावून घेतलं. "माझ्या खुंट्या निघायला लागल्यात," ते म्हणाले. "आणि कशा, तर फिरता फिरता! यादी नाही, विचारणं नाही, काही शिस्त नाही." त्यांना राग आजाराचा जास्त होता की त्याच्या बेशिस्तीचा, हे मला कळेना. मग एकदम म्हणाले, "तिसरा नियम सांग." मी सांगितला: काढायला गेलो आणि खुंटीच जागेवर नसली, तर हातात काय यावं हे आधी ठरवून द्यायचं. नाही दिलं तर प्रोग्राम कोसळतो. "रविवारी तेच झालं," काका म्हणाले. "मी काही ठरवूनच ठेवलं नव्हतं. आता ठरवलंय. चेहरा ओळखू आला नाही तर ओरडायचं नाही. म्हणायचं, या, बसा, चहा घेणार?" काकूंना यातलं काही सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. मग रोज सकाळी ते हे वाक्य घोकायला लागले. कुरियरवाल्याला चहा विचारला, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला विचारला, सेक्रेटरींना तर एका दिवसात दोनदा. "ह्यांना आता म्हातारपणी पाहुणचार सुचलाय," काकू म्हणायच्या, "चहापत्ती पुरत नाही मला." काकूंना मात्र ते ओळखत होते. गेल्या पावसाळ्यात काकांनी मला चहा विचारला. मी घेतला, आणि घरी येऊन खूप रडले.

परवा सकाळी मी त्यांच्याजवळ पेपर वाचत बसले होते. काकू बाजारातून आल्या, हातात भाजीची पिशवी. काकांनी वर पाहिलं आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. तो रविवार मला आठवला आणि मी पेपर खाली ठेवला. काकूंनाही कळलं, त्या उंबऱ्यातच थांबल्या, एक पाऊल मागे घेतलं. काकांचे ओठ हलले, एकदा, दोनदा. मग हात सुटला, चेहऱ्यावर जुनं, अदबीचं हसू आलं.

"या, बसा. चहा घेणार?"

काकूंनी पिशवी खाली ठेवली. चपला काढल्या. आपल्या रोजच्या जागेकडे न जाता, दाराजवळच्या पाहुण्यांच्या खुर्चीवर अंग चोरून बसल्या. "घेईन," त्या म्हणाल्या. "साखर कमी घाला."

काका उठून आत गेले. मी मदतीला उठले तर काकूंनी हाताने मला खाली बसवलं. आतून एकेक डबा उघडल्याचा, पुन्हा लावल्याचा आवाज येत होता. साखर कुठे असते हे त्यांना लग्नापासून कधीच माहीत नव्हतं. ते काही या आजाराने नेलेलं नाही. काकू पदराने डोळे पुसत ऐकत होत्या.

"घाबरले नाहीत गं," त्या हळूच म्हणाल्या. "शोधू देत सावकाश. मला काही घाई नाही."