हाफ क्लचवरचा भक्त

देवावर माझा विश्वास होता, पण हँडब्रेक ओढून ठेवलेला. म्हणजे सकाळी दिवा लावायचा, हात जोडायचे आणि मग दिवसभर सगळं आपल्यालाच ओढायचं आहे असं समजून दातओठ खात फिरायचं. अशा माणसाच्या वाट्याला अनुभव वगैरे येत नाहीत, अशी माझी समजूत होती. आला तोही भीमाशंकरच्या घाटात, गाडीच्या बॉनेटमधून वाफ निघत असताना; आणि तो आलाय हे घरात सगळ्यात शेवटी मला कळलं.

गाडी म्हणजे वीस वर्षांची डिझेल मिनीबस. शाळेची पोरं वाहून वाहून थकलेली ही बस मी विकत घेऊन जुन्नरला आणली, आतली बाकडी काढून टाकली आणि तिथं एक पलंग, गॅसची शेगडी, शंभर लिटरची पाण्याची टाकी आणि फुलाफुलांचे पडदे बसवले. मी तिला फिरतं घर म्हणायचो. बायको तिला सवत म्हणायची. मित्र काहीच म्हणत नसत, नुसते हसत. गाडीला एकच खोड होती, चढ लागला की तापायची. आठवड्यापूर्वीच घाटघरला गेलो होतो, तेव्हा परतीच्या साध्या चढालासुद्धा काटा लाल रेघेला जाऊन भिडला होता. मी थर्मोस्टॅट बदलला, पंख्याचा पट्टा बदलला, आणि हे सगळं करूनही फरक पडेना तेव्हा देवाला मध्ये घातलं. गाडीच्या नाकावर, जाळीच्या बरोबर पुढं, त्रिशूळ आणि पिंडीचं मोठं फ्लेक्स तारेनं घट्ट बांधलं. वरून झेंडूचा मांडीएवढा जाड हार. आता गाडी तापणं शक्य नाही, असं मी बायकोला सांगितलंसुद्धा.

हा सगळा आटापिटा आईसाठी होता. आई एक्क्याऐंशी वर्षांची. मणक्याच्या दुखण्यानं तिला बसवत नव्हतं, आडवं पडूनच असायची. पुढच्या सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं. या वयात भूल द्यायची म्हणजे काय, ते डॉक्टरांनी फार जपून, शब्द निवडून सांगितलं होतं, आणि आईला ते बरोबर समजलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आधी भीमाशंकरला नेऊन आन. मग कापा कुठं कापायचं ते." तिला आडवं पाडून नेता येईल असं वाहन माझ्याकडं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ती बस माझा मूर्खपणा वाटली नाही.

मार्गशीर्षातली सकाळ होती. आईनं आमच्या कुकडी नदीचं पाणी तांब्यात भरवून, वर फडकं बांधून पलंगावर कुशीत घेतलं होतं. ते पिंडीवर घालायचं होतं. घोडेगाव मागं पडलं, डिंभ्याला धरणाच्या पाण्यावर धुकं इतकं दाट होतं की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं ते कळेना. पुढं घाट. घाटात वजन नको म्हणून मी डिंभ्यालाच टाकीतलं सगळं पाणी सोडून दिलं. हे मी हुशारी म्हणून केलं होतं, हे कृपया लक्षात ठेवा.

चढ लागला तसं धुकं गाडीच्या आत येऊ लागलं. दोन्हीकडची झाडं अर्धवट दिसत, जणू कुणीतरी काढता काढता सोडून दिलेली. आई पडल्या पडल्या काहीतरी पुटपुटत होती, बायको तिचे पाय चेपत होती, आणि मी देवाचं नाव घेत काट्याकडं बघत होतो. काटा चढत होता. मग एक जळका वास आला, आणि एका वळणावर बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ निघून धुक्यात मिसळली. मी गाडी कडेला घेतली, चाकाला दगड लावला. फोनला रेंज नव्हती. वर जाता येईना, आईला घेऊन चालत खाली जाता येईना.

"सवतीला ताप आलाय," बायको म्हणाली. "ओलं फडकं ठेवा डोक्यावर. अरे हो, पाणी तुम्ही सोडून दिलंत नाही का."

गाडीपुढं उभा राहून मी त्या फ्लेक्सवरच्या पिंडीकडं बघत होतो आणि मनातल्या मनात देवाशी भांडत होतो. तुझ्याच दारी यायला निघालोय. ती म्हातारी तुझ्यासाठी पाणी घेऊन निघालीय. एवढंसुद्धा होत नाही तुझ्याकडून? खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं होतं, पण धुक्यामुळं ते कुणाला दिसलं नाही.

किती वेळ गेला कळलं नाही. घाटात आवाज आधी येतो आणि माणूस मागून. खालून एक मोटारसायकल येत होती, तिचा पिवळट दिवा धुक्यात हलत हलत वर आला. पासष्टीचे एक गृहस्थ, डोक्याला मफलर, पांढरी दाढी, आणि मागच्या सीटवर पोत्यात गुंडाळून दोरीनं बांधलेलं काहीतरी चौकोनी. ते थांबले, उतरले, पोतं जरा सरकलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. आत रेडिएटर होता.

जुन्नरच्या बाजारपेठेमागं ते रेडिएटर दुरुस्तीचं काम करत, सगळे त्यांना चाचा म्हणत. वरच्या वाडीतल्या एका जीपवाल्याचा रेडिएटर दुरुस्त करून ते पोचवायला निघाले होते. हे नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच वाटलं की देवानं पार्ट पाठवला. मी जवळजवळ धावत जाऊन त्यावर हात ठेवला.

"हा तुमचा न्हाई, राव," ते शांतपणे म्हणाले. "तुमचा ठीक असंल. बघू द्या की." मग गाडीच्या तोंडाकडं बघून थोडे हसले. "तोंड बांधलंय त्याचं. श्वास कुठनं घ्यावा त्यानं?"

मला कळेना. त्यांनी समजावलं, समोरून वारं आत जातं तेव्हा रेडिएटरमधलं पाणी निवतं, आणि मी नेमकं तिथंच फ्लेक्स बांधून हार घातला होता. "पण हे मी काढनार न्हाई," ते म्हणाले. "तुमचा देव हाये. तुमच्या हातानं काढा."

माझा हात पुढं होईना. देवाच्या वाटेवर निघायचं आणि देवालाच गाडीवरनं उतरवायचं? आईचं ऑपरेशन चार दिवसांवर. मी तारेला हात लावून तसाच उभा राहिलो. आतून आईचा आवाज आला.

"काढ की. त्याला बी वारा लागू दे."

मी फ्लेक्स काढलं. आईनं ते आत मागून घेतलं आणि घडी करून उशाखाली ठेवलं. इतके दिवस गाडीच्या नाकावर टांगलेला देव तिच्या उशाशी आला. हार तर शिजून भाजीसारखा झाला होता.

फ्लेक्सच्या मागं दुसरं प्रकरण निघालं. घाटघरला मी मोठ्या हौसेनं गाडी पुरुषभर गवतात घुसवली होती. तिथली वाळलेली कुसळं रेडिएटरच्या बारीक पात्यांत लोकरीच्या नमद्यासारखी गच्च बसली होती. चाचांना काहीतरी दातेरी हवं होतं. बायकोनं चमचा दाखवला, ब्रश दाखवला. आईनं उशाकडून आपली लाकडी फणी काढून दिली, आमच्या बहिणींच्या केसांतल्या उवा जिनं काढल्या तीच. चाचा उकिडवे बसून फणीनं रेडिएटर विंचरू लागले. एकेक कुसळ निघत होतं. धुकं अंगावरून जात होतं, कुठंतरी एकच पक्षी मध्येच बोलून गप्प होत होता, आणि आई आतनं पडल्या पडल्या सांगत होती, "वरनं खाली वढा भाऊ, गुता व्हनार न्हाई." ते चित्र आजही डोळे मिटले की दिसतं. देवळाच्या गाभाऱ्यात असते तशी काहीतरी शांतता तिथं होती.

इंजिन निवल्यावर त्यांनी रेडिएटरच्या झाकणावर ओलं पोतं टाकलं आणि सावकाश ते उघडलं. पाणी घालायला हवं होतं. त्यांची बाटली ओतली, आमच्या दोन ओतल्या, तरी पुरेना. मग आईनं तांब्या पुढं केला.

"आई, ते अभिषेकाचं आहे," मी म्हणालो.

"भीमा नदी त्याच्या उशातनं निघती. त्याला पान्याचा तोटा हाये व्हय? घाल."

कुकडीचं पाणी इंजिनात गेलं. तळाशी दोन घोट उरले तेवढे आईनं परत फडकं बांधून ठेवले.

मग चाचांनी गाडीखाली वाकून वास घेतला. "गिअरबॉक्सबी तापलाय. घाटात पाय कुठं असतो तुमचा?"

मी सांगायच्या आत बायको बोलली. "क्लचवर. सगळीकडंच. धड दाबायचा नाही, धड सोडायचा नाही. घरात पण असंच आहे."

"तरीच. अर्ध्या क्लचवर प्लेट घासती, तिची सगळी आग गिअरबॉक्सला. आन् गिअर?"

"तिसरा. दुसऱ्यात इंजिन फार ओरडतं."

"वरडू द्या. इंजिन जोरात फिरलं तरच पंखा फिरनार, पानी फिरनार. तिसऱ्यात तुमी त्याला कुंथवत नेता. दुसऱ्यात टाका, आन् क्लचवरचा पाय काढून खाली ठेवा. तुमाला वाटतं पाय ठेवला म्हंजी गाडी आपल्या हातात हाये. तसं नसतं. पाय काढल्यावरच गाडी धरती."

निघताना मी काय द्यायचं ते विचारलं, तर म्हणाले, "वरनं पेढा आना. गोड डॉक्टरनं बंद केलंय, पर देवाघरचं चालतंय." आणि रेडिएटर घेऊन ते धुक्यात वर निघून गेले.

मी गाडी दुसऱ्यात टाकली. डावा पाय काढून खाली ठेवला, तर तो रिकामा पाय मला इतका परका वाटला की त्याचं काय करावं कळेना. इंजिन ओरडत होतं. काटा मध्यावर आला आणि तिथंच थांबला. वर पोचेपर्यंत मी एक शब्दही बोललो नाही, देवाचं नावसुद्धा घेतलं नाही, आणि तरी इतकं जवळ मला कधीच वाटलं नव्हतं.

डोलीवाल्यांनी आईला झोपवूनच पायऱ्या उतरवल्या. पिंडीसमोर तिनं तांब्यातले ते दोन घोट पुजाऱ्याच्या हातात दिले. एवढंसं पाणी, एका श्वासात ओघळून गेलं. "पुष्कळ झालं," आई म्हणाली.

अशा गोष्टींतला माणूस पुढं शोधूनही सापडत नाही म्हणतात. आमचा सापडला. दुसऱ्या दिवशी बाजारपेठेमागं ते एका गळक्या रेडिएटरला डाख लावत बसले होते. पेढा अर्धा खाल्ला, अर्धा कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि विचारलं, "पाय?" मी म्हणालो, "खाली." पुन्हा कामाला लागले.

सोमवारचं ऑपरेशन नीट झालं, आणि आई आता काठी घेऊन ओट्यापर्यंत चालते. हे आधीच सांगून टाकतो, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पण मला सांगायचंय ते त्या दाराजवळचं. स्ट्रेचर ऑपरेशनच्या खोलीकडं चाललं होतं आणि मी त्याची कडा धरून बरोबर चालत होतो. डॉक्टरांना तेच प्रश्न तिसऱ्यांदा विचारत होतो, स्ट्रेचर ढकलणाऱ्याला वळण सांगत होतो. दार आलं. माझे हात सुटेनात. आईनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. तिच्या उशाखाली फ्लेक्सचं एक टोक दिसत होतं. कुणाला पटवून तिनं ते तिथवर आणलं, देव जाणे.

"पाय काढ आता," आई म्हणाली.

मी हात सोडले. दार लागलं. ज्यानं धुक्यातून एक माणूस पाठवला, एक फणी कामी आणली आणि दोन घोट पाणी पुरवलं, त्याला मी काही मागितलं नाही. बाकावर जाऊन बसलो, दोन्ही पाय फरशीवर नीट टेकवले, आणि तसाच बसून राहिलो.