विभावरी मावशीचा राउटर

माझ्या विभावरी मावशीला कोणतीही वस्तू नुसती वापरता येत नाही. ती आतून कशी चालते हे कळेपर्यंत तिला चैन पडत नाही. नवा मिक्सर आला की बाकीच्या बायका चटणी वाटतात, मावशी आधी स्क्रू-ड्रायव्हर शोधते.

नोकरीची सगळी वर्षं तिने जबलपूरच्या फॅक्टरीत टेलिफोन एक्स्चेंजवर काढली. बाहेरच्या जगासाठी फॅक्टरीचा नंबर एकच, आत मात्र टेबलाटेबलावर फोन. बाहेरून फोन आला की "कौन बोल रहे हैं?" विचारायचं आणि मगच आतली तार जोडून द्यायची. साहेबांना कोणाशी बोलायचं नाही हे आपल्याला साहेबांच्या आधी कळायचं, असं ती सांगते. यातलं निम्मं खरं धरावं. काका गेल्यापासून ती महाराजपूरच्या घरात एकटी राहते, आणि मी राइट टाउनहून स्कूटरवर अधूनमधून डोकावते.

मागच्या हिवाळ्यात ती न्हाणीत घसरून पडली. हाड शाबूत राहिलं, पण मुलगा आलोक पुण्याहून धावत आला. पुन्हा कशावर चढणार नाही, ओल्यात घाई करणार नाही, असं त्याने तिच्याकडून वदवून घेतलं आणि जाताना बजावलं, "आई, या तो घर में कॅमेरा लगेगा, नाहीतर तू पुण्याला चल." आलोक एरवी मराठी बोलतो, पण राग आला की हिंदीत शिरतो. आम्हा सगळ्यांचंच तसं आहे.

मावशीला पुण्याला जायचं नव्हतं. "तिथं अकराव्या मजल्यावर मी काय करू? लिफ्ट मोजत बसू?" पण कॅमेराही तिला खुपत होता. त्याचं चित्र आधी कुठल्याशा कंपनीच्या कॉम्प्युटरवर जातं आणि तिथून आलोकच्या फोनवर येतं, हे कळल्यावर तर ती भडकलीच. "माझा स्वयंपाक कंपनी काहून पाहील? अन् आलोकनंसुद्धा दिवसभर काहून पाहावं? पोटचा पोर आहे, पण मी काय दुकानाच्या काचेतली बाहुली आहे?"

शेवटी तह झाला. बैठकीत एक कॅमेरा, जिथून स्वयंपाकघरही दिसेल. आलोकने सकाळ-संध्याकाळ सात ते आठ पाहायचं. बाकी वेळ दार बंद, आणि कडी मावशीच्या हातात. हे जमलं नाही तर पुणं. आलोक हसत हो म्हणाला. आईला हे जमेल असं त्याला वाटलं नसावं.

इंटरनेटवाल्याने दिलेल्या डब्यात असले नियम घालता येईनात, म्हणून मावशीने स्वतःचा राउटर बांधायला घेतला. आलोकचा कॉलेजातला कॉम्प्युटर माळ्यावर धूळ खात पडला होता. त्यात तिने तार जोडायला आणखी एक कार्ड बसवून घेतलं. एका भोकात बाहेरची तार, दुसऱ्या भोकात घरातली, आणि मधे फुकट मिळणारा एक प्रोग्रॅम. हिंदी व्हिडिओ थांबवून थांबवून ती शिकत होती. घराचा बाहेरचा पत्ता एकच असतो, आतल्या प्रत्येक यंत्राचा वेगळा, आणि कोणाचं बोलणं कोणाकडे पोचवायचं ते राउटर ठरवतो, इथवर आली आणि ती ओरडलीच, "अगं क्षमा, हा तर माझा एक्स्चेंजचा बोर्ड आहे!"

त्या आनंदात तिने पहिलाच नियम लिहिला, सगळं बंद. पुढच्या क्षणी ती ज्या लॅपटॉपवरून नियम लिहीत होती, त्याचाही राउटरशी संबंध तुटला. "चलो, ऑपरेटरच बाहेर राहिली!" म्हणून ती इतकी हसली की मला पाणी आणून द्यावं लागलं. मग त्या जुन्या कॉम्प्युटरलाच कीबोर्ड जोडून तिने स्वतःला आत घेतलं.

पुढे तिला नादच लागला. कोण कोणाचं दार ठोठावतंय ते राउटर दाखवतो. कॅमेरा घडीघडी आपल्या कंपनीकडे धाव घ्यायचा. "पाहा मेला, कसा चुगल्या करायला पळून राहिला!" मावशीने त्याला बाहेर बोलायची बंदी केली. इंटरनेटवाल्याच्या मागे लागून घरासाठी इंटरनेटवरचा स्वतंत्र, न बदलणारा पत्ता मिळवला. आलोक घरूनच काम करतो, त्याच्या पुण्याच्या घराचा पत्ताही कायमचा आहे. त्या पत्त्यावरून येणाऱ्याला थेट कॅमेऱ्यापर्यंत पोचवायचं, असा नियम झाला. ठरलेली वेळ सोडून कॅमेऱ्याकडे जाणाऱ्या सगळ्यांना मनाई, असा दुसरा.

आलोकचा नियम तिने सगळ्यात वर ठेवला. एक्स्चेंजच्या भिंतीवर कोणाचा फोन कधी जोडायचा याचा जो कागद असायचा त्यात बडे साहेब वर, मग बाकीचे. लग्नपत्रिकेत कुलदैवत वर, मग आपण. "पोराचं नाव मनाईच्या खाली लिहू का?" ती म्हणाली, आणि मलाही ते पटलं. संध्याकाळी आलोकने पाहिलं, मावशीने कॅमेऱ्याला हात हलवला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझ्या मोबाइलवरून प्रयत्न केला, काही उघडलं नाही. आम्ही कमानिया गेटहून खोव्याची जलेबी आणून खाल्ली. मावशी जिंकली होती.

महिनाभराने एका दुपारी मी तिच्याकडेच होते. आलोकचा फोन आला. मावशीने स्पीकर लावला.

"आई, सुन ना. तुझं दुपारचं दार उघडं आहे."

"शक्यच नाही. क्षमानं तपासलंय."

"दीदीच्या मोबाइलवरून ना? तिला मनाई लागली. मला लागतच नाही. माझा नियम सगळ्यात वर ठेवलाय, असं तूच सांगितलंस ना. राउटर वरून वाचत येतो अन् पहिला नियम जुळला की थांबतो. खाली वेळेचं लिहिलंय, तिथवर तो येतच नाही."

एक्स्चेंजवरच्या कागदात वरचं नाव म्हणजे नुसता मान होता; ऑपरेटर अख्खा कागद वाचून काय ते ठरवायची. या यंत्राला मानपान काही कळत नव्हतं.

"तुला कसं कळलं?" मावशीने विचारलं.

"आत्ता चुकून बोट लागलं, तर उघडलं. लगेच बंद केलं मी."

"काय दिसलं?"

तो अडखळला. "तू स्टुलावर चढली होतीस. फळीवरचा डबा काढून राहिली होतीस."

स्टूल अजून ओट्यापाशीच होतं. डब्यातला चिवडा माझ्याच पुढ्यात होता. आता पुणं टळत नाही, असं मला वाटलं. मावशीलाही तेच वाटलं असणार.

"मग काढ तिकीट," ती म्हणाली. एवढ्या बारीक आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"तिकिटासाठी फोन नाही केला. आधी तो नियम खाली घे. मी लाइनवर आहे."

मावशी जागची हलली नाही. "गप्प बसला असतास तर रोज पाहता आलं असतं. काहून सांगितलंस?"

"दार लावलंय असं समजून तू घरात वावरून राहिली होतीस ना, आई. मग मी कसा पाहू?"

मावशीचे डोळे भरले. माझेही. आलोकचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला, आणि त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, चाळिशीचा आहे तरी.

मावशीने डोळे पुसले, चष्मा चढवला आणि मनाईचा नियम उचलून वर नेला. आलोकचं नाव त्याच्या खाली आलं.

"आता?"

"बंद. काही दिसत नाही."

"अन् पुणं?"

"पुण्याचं मी नाही काढणार, आई. पण ते स्टूल..."

मावशीने त्याला पुरतं बोलू दिलं नाही. फोन तसाच चालू ठेवून ती उठली, ओट्यापाशी गेली आणि स्टूल आणून माझ्या हातात दिलं. "स्कूटरवर मावेल ना?" मग फोनकडे वाकून म्हणाली, "आलोक, स्टूल क्षमाच्या घरी चाललं."

"मला कुठे दिसतंय, आई?"

"दिसत नाही, म्हणूनच तर सांगून राहिली."