लिफ्टमधली कोडी

कचेऱ्यांनी भरलेल्या त्या पाच मजली इमारतीत लिफ्ट चालवणाऱ्याला सगळे कोडेमामा म्हणत. लहानपणी त्यांची आई शेंगा सोलायला बसली की मुलांना कोडी घालायची. कामही व्हायचं आणि भांडणंही टळायची. मामांनी तीच सवय लिफ्टमध्ये आणली. तळमजल्यावर जाळीचं दार ओढलं की कोडं घालायचं. उतरेपर्यंत सुटलं नाही, तर ते डोक्यात घेऊन कामाला लागायचं. कपाळावर आठ्या घालून आलेली माणसंही डोकं खाजवत, हसत बाहेर पडत. तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाई तेवढ्या कधी तोंड उघडत नसत.

मग बटणांची नवी लिफ्ट आली आणि मामांना फाटकापाशी खुर्ची मिळाली. गाड्या काचा वर करूनच आत शिरत. कोडं घालायचं कुणाला? मामा घरीही गप्प बसू लागले. बायकोनं सरळ विचारलं, तोंडाला कुलूप घातलंय का?

एका दुपारी नवी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली. आत वकीलबाई होत्या, आणि दातांच्या डॉक्टरांकडे निघालेल्या एक आजी. मेकॅनिक येतोय, असा निरोप आला, पण आजी घाबरून रडू लागल्या होत्या. जिना लिफ्टला लागूनच होता आणि मधल्या भिंतीला झरोके होते. मामा धापा टाकत जिना चढले आणि झरोक्याला तोंड लावून म्हणाले,

"आजी, मी कोडेमामा. एक सांगा बघू. दोघे भाऊ शेजारी राहतात. भेटले की गप्प, दूर झाले की बडबड. कोण ते?"

आतलं रडणं थांबलं. जरा वेळानं आजींचा ओला आवाज आला, "ओठ."

मामांनी दुसरं घातलं, तिसरं घातलं. एक तर आजींनी मामांचं बोलणं पुरं व्हायच्या आतच सोडवलं. मग वकीलबाईंचा आवाज आला. मामांनी तो लिफ्टमध्ये कधी ऐकलाच नव्हता.

"मामा, माझ्या आजीचं एक आहे. तुडवला तरी रागावत नाही, जागचा हलत नाही, तरी सगळ्यांना वर नेतो. कोण?"

मामांनी बरीच डोकेफोड केली. तेवढ्यात मेकॅनिक आला, दार उघडलं, आजी बाहेर आल्या. उत्तर मात्र मामांना आलं नाही, आणि बाईंनीही सांगितलं नाही.

संध्याकाळी चपला काढता काढताच मामांनी दुपारची हकीकत सांगून बाईंचं कोडं बायकोला घातलं. तिनं मान वरही केली नाही.

"जिना. तुम्ही उभे कुठे होतात?"

मामा दारातच बसले आणि पोट धरून हसले. बायकोही हसली, बऱ्याच दिवसांनी घरात असा आवाज झाला होता.

सकाळी वकीलबाईंची गाडी फाटकात थांबली आणि काच खाली आली. उत्तर बायकोचं आहे, हे मामांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं. "मग हे त्यांनाच विचारा," म्हणत बाईंनी आणखी एक कोडं दिलं. मागच्या गाडीवाल्यानं भोंगा वाजवला, मग काय चाललंय ते पाहायला त्यानंही काच उतरवली. मामांनी खुर्ची पुढे ओढली आणि त्यालाही एक कोडं घातलं.