नातीचा राहिलेला पेपर

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते कांदा निवडायचं. सडका बाजूला, बरा मंचरच्या बाजारात न्यायला. शेजारी नात पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली, डोळा मात्र मोबाईलमधल्या स्वतःच्या फोटोवर. पोरगा-सून पुण्याला असतात. ही अवसरीच्या कॉलेजासाठी आमच्याकडं राहते. गणितात नापास झालेली. तोच पेपर परवावर आला होता.

"सर जळतात माझ्यावर, आबा. वर्गात माझ्याएवढं कुणाला कळतच नाही."

"मग मार्क कुठं गेले? सरांनी खाल्ले?"

"अवो, गप बसा की," बायको म्हणाली. "माझी बाय हुशारच हाये. सांग गं मला ते गणित."

नात लगेच सरसावून सांगायला लागली. मधेच अडली, चिडली, पुस्तकात बघून परत सांगितलं. बायको शाळेची पायरी न चढलेली, तरी मान हलवत होती. कौतुक करून घ्यायच्या नादात पोरीचा अभ्यास व्हायचा तेवढाच. मी म्हणालो, "लई चढवून ठेवलीस तिला."

"वरनं तोरा हाये. आतनं लई भित्री हाये ती," बायको हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवता ठेवता बायको खाली बसली, ती उठलीच नाही. दुपारी मी अग्नी दिला.

पेपरच्या सकाळी घर माणसांनी भरलेलं. नात म्हणाली, "मी नाही जात. पुढच्या वेळी न वाचतासुद्धा पास होईन मी." बोलताना ओढणीचं टोक पिळत होती. पोरगा म्हणाला, राहू दे.

"गाडी काढ," मी तिला म्हणालो.

भावकीतला एक जण पुढं आला. "अग्नी दिलेल्यानं घर सोडू नये, राव."

"तिच्या आजीला चालंल. तुमाला चालत नसंल तर तोंड फिरवून बसा."

मी तिच्या स्कूटीवर मागं बसलो. कॉलेजच्या फाटकाशी तिनं विचारलं, "आबा, मी हुशार आहे ना?"

खोटं बोलायला मला कधी जमलं नाही.

"ते मला काय ठाव? नापास झालीस तरी माझीच नात हाईस. जा, येतंय तेवढं लिही."

ती नाक पुसून आत गेली.

वॉचमन म्हणाला, "पावणं, सावलीला बसा. तीन तास लागतील."

बसलो. घरी चारचौघांत आलं नव्हतं ते रडू तिथं आलं. रडून झाल्यावर त्याच्याकडनं पाणी मागून घेतलं आणि पेपर सुटेपर्यंत थांबलो.