शेवंताबाईंच्या लेकीच्या लग्नाची सीडी

आधीच सांगून टाकतो, भूतखेत, करणी, भानामती असल्या भानगडींवर माझा काडीचाही विश्वास नाही. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरात वाढलोय. कोणी अंगात येण्याच्या गोष्टी सुरू केल्या की मी सरळ उठून चहाला जातो. तरी हे लिहितोय... कारण हे माझ्याच कॉम्प्युटरवर, भर दुपारी घडलं.

गाव दारव्हा. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि फोटो प्रिंटचं दुकान होतं. मागच्या खोलीत मी एकटाच राहायचो. कापसाची ती वाईट वर्षं. गिऱ्हाईक यायचं ते बहुतेक गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून घ्यायला. ग्रुप फोटोतून चेहरा कापायचा, तयार पांढऱ्या शर्टावर बसवायचा, मागे निळा रंग भरायचा — काम ठरलेलं. दिवसभर हे चेहरे, आणि संध्याकाळी बोलायला कोणी नाही. फार एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी नुकतीच लाइट आली होती, तेव्हा शेवंताबाई आल्या. जवळच्याच खेड्यातल्या. नवरा जिनिंगमध्ये हमाल, छातीत कळ येऊन नुकताच गेलेला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ठेवायला घरात त्याचा एकही फोटो नव्हता. निवडणूक कार्डावरचं तोंड पार पुसून गेलेलं. होती ती फक्त मुलीच्या लग्नाची सीडी, दोन वर्षांपूर्वीची. मुलगीही लांब, आदिलाबादकडे दिलेली.

“त्याईचा एक तरी फोटो काढून द्या भाऊ. परवा कार्यक्रम आहे. लोकं फुलं कायच्यासमोर वाहतीन?”

सीडीत फाइली दिसत होत्या, पण एकही उघडेना. सीडी पुसली, दुसऱ्या मशीनला लावली, हार्डडिस्कवर कॉपी केली... सगळीकडे तोच मेसेज, फाइल करप्ट. लग्नाच्या फोटोग्राफरला फोन केला, तर त्याने कॉम्प्युटर केव्हाच फॉरमॅट मारलेला. शेवटी रिकव्हरी सॉफ्टवेअर लावलं. बाई स्टुलावर बसून होत्या, पाणीसुद्धा घेतलं नाही. त्यांना नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं.

सगळे फोटो नुसते राखाडी निघाले. एक सोडून.

मांडवाच्या कापडासमोर खुर्चीत एक माणूस एकटाच बसलेला. हात गुडघ्यांवर, नजर थेट कॅमेऱ्यात. अंगात मेंदी रंगाचा चौकडीचा शर्ट, नवाकोरा, घडीच्या रेषासुद्धा मोडल्या नव्हत्या.

“हेच का?” मी विचारलं.

बाई स्क्रीनजवळ आल्या. “हेच हायेत. पण हा शर्ट लग्नातला नाही भाऊ.”

“मग कधीचा?”

“यंदा दसऱ्याले घेतलता म्या. ‘ठेव, मंग घालीन’ म्हणत. पिशवीतच पडून राह्यला. शेवटचं नेतानी घातला त्याईले.”

मी माउसवरचा हात काढून घेतला.

मीच काही जोडलं म्हणावं, तर माझ्याकडचे तयार शर्ट सगळे पांढरे, आणि त्या फोटोला मी अजून हातही लावला नव्हता. दुःखात बाईंची गफलत होत असेल, असंही स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही. प्रिंट काढली, त्यानंतर ती फाइल पुन्हा उघडलीच नाही. सीडी बाईंकडून मागून ठेवली होती, ती पुढे नागपूरच्या एका जाणकार मित्राने तपासली. म्हणाला, यातून काही निघणंच शक्य नाही. मी वाद घातला नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. कोणाकडे असेल तर जरूर सांगा.

त्या दुपारी मी घाबरलो होतो, पण बाई नाही घाबरल्या. प्रिंट हातात धरून बराच वेळ बघत राहिल्या. मग मला विचारलं, “रंग चांगला दिसून राह्यला ना त्याईच्या अंगावर? आवडला का नाही, ते सांगतलंच नाही मले.”

“शोभून दिसतोय, मावशी,” मी म्हणालो.

तेव्हा कुठे त्या रडल्या.